वैष्णवीची सीट

वैष्णवीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, वैष्णवीला चष्मा आहे आणि वैष्णवीला पिवळा रंग जाम आवडतो, हे सगळं निकिताच्या आईला पाठ होतं. अडचण एवढीच होती, की वैष्णवीच नव्हती.

मागच्या जूनमध्ये निकिताची शाळा बदलली. नव्या वर्गात सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या. निकिताच्या शेजारी बाकावर तिचं दप्तर बसायचं. "कोणी मैत्रीण झाली का गं?" आई रोज विचारायची, आणि उत्तर ऐकताना तिचा चेहरा असा काही पडायचा, की एके दिवशी निकिता बोलून गेली, "झाली ना! वैष्णवी." तेव्हापासून आई डब्यात दोन लाडू द्यायला लागली, तेही बिनशेंगदाण्याचे. दोन्ही निकिताच खायची. पण दुसरा लाडू काही केल्या गोड लागायचा नाही.

आता पावसात हरसूलच्या पुढे, डोंगरात नोकरीला असलेल्या मावशीकडे जायचं निघालं.

"एकटी? मुळीच नाही!" आई म्हणाली.

"एकटी कुठं? वैष्णवी आहे ना."

झालं. नाशिकहून सुटलेल्या एसटीच्या खिडकीबाहेर ढग रस्त्यावर उतरले होते, हिरव्यागार उतारांवरून पांढरे धबधबे सुटले होते. "अय्या, तो बघ केवढा!" निकिता शेजारी वळून म्हणाली. शेजारी तिची छत्री ठिबकत होती.

हरसूलला बाजाराचा दिवस होता. पुढे जायला हिरामणची जीप, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. निकिता आत बसली, डब्याची पिशवी शेजारी ठेवली, तेवढ्यात आईचा फोन. तो चुकून स्पीकरवर लागला.

"वैष्णवीला दे जरा."

"ती... ती भजी आणायला गेलीय!"

फोन ठेवला तर सगळी जीप तिच्याकडे बघत होती.

"भज्याला गेली? आन गाडी तं सुटाय लागली!" समोर मांडीवर कोंबडी घेऊन बसलेली झुंबरबाई कडाडली. "हिरामण, बंद कर गाडी! पोरगी मागं ऱ्हायली."

"आजी, राहू द्या, ती येईल मागून..."

"मागून? मागून संध्याकाळचीच जीप हाय. ह्या पावसात लेकराला एकटं टाकून जायचं? दिसती कशी ती?"

इथे निकिताने गप्प बसायला हवं होतं. पण वर्षभराची सवय! "चष्मा, दोन वेण्या, पिवळा रेनकोट," ती घडाघडा बोलली.

अर्धी जीप पावसात उतरली. बाजारात निम्मी माणसं पिवळं प्लास्टिक पांघरून हिंडत होती. एकाने चष्मा लावलेले एक म्हातारबाबा आणले. जीपमधल्या पुंजाकाकांनी तर मच्छरदाण्या विकणाऱ्याचा भोंगाच हातात घेतला. "वैष्णवी नावाच्या पोरीनं भजी टाकून हिरामणच्या जीपकडं यावं! तुझी सीट धरली हाय!"

निकिताला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण डब्यासकट आत जावं. आता ही भली माणसं तासभर भिजणार, मग कोणीतरी आईला फोन लावणार, आणि मग आईचा तो चेहरा.

तेवढ्यात जीपच्या मागच्या ताडपत्रीतून एक भिजलेलं डोकं आत आलं. दोन वेण्या.

"मी वैष्णवी," ते डोकं म्हणालं.

निकिताचा आ वासला तो मिटेना.

"चष्मा कुठंय?" झुंबरबाईने विचारलं.

"पावसात दिसत नाही, म्हणून काढला."

"आन रेनकोट?"

"भिजला म्हणून काढला."

"भजी?"

"खाल्ली."

झुंबरबाईचं समाधान झालं. भिजलेली मंडळी परत चढली. जीप निघाली. मुलगी निकिताच्या कानाशी कुजबुजली, "मी तृप्ती. सगळ्या जीप भरल्यात गं. भाताच्या आवणीला घरी पोहोचायचंय, शेतात हात कमी पडतात. तुझी मैत्रीण मागून पळत आली तर उतरेन."

"ती येणार नाही," निकिता हळूच म्हणाली. "ती नाहीये."

तृप्तीने एकदा डब्याच्या पिशवीकडे पाहिलं, एकदा निकिताकडे. मग ती खिशातून मूठभर खारे शेंगदाणे काढून खायला लागली. आणि नेमका आईचा व्हिडिओ कॉल.

"अगं, हीच का वैष्णवी? बाई गं, शेंगदाणे! निकिता, काढ तिच्या हातातून!"

झुंबरबाईने फटका मारून शेंगदाणे उडवले. ते कोंबडीने टिपले.

"काकू, पावसाळ्यात नाही होत मला," तृप्ती शांतपणे म्हणाली. "उन्हाळ्यातच होते."

आई काही बोलायच्या आत घाट लागला आणि रेंज गेली. निकिताला हसू आवरेना. तिने डबा उघडला. दुसरा लाडू पहिल्यांदाच दुसऱ्या कोणीतरी खाल्ला, आणि पहिला काय गोड लागला म्हणून सांगू!

"मी नाशिकला होस्टेलला असते," तृप्ती लाडू चघळत म्हणाली. "रविवारी भेटायचा वार. सगळ्यांची नावं पुकारतात. आमचं घर पडलं लांब. मी आपली गेटजवळ उगाच पाणी पीत उभी राहते."

तिचा पाडा आला. ती चिखलात उतरली. निकिताने ताडपत्रीतून डोकं काढलं आणि ओरडली, "रविवारी येऊ? गेटवर कुणाचं नाव सांगू?"

"तृप्तीचं सांग! वैष्णवीला बोलवशील तर आत नाही सोडणार!"

जीप हलली. झुंबरबाईच्या कपाळावर मात्र हळूहळू आठी चढत गेली.

"म्हंजी ही वैष्णवी नाय?" ती उठूनच उभी राहिली. "अगं बया! मग ती पोरगी बाजारातच ऱ्हायली की! हिरामण, वळव गाडी!"

हिरामणने करकचून ब्रेक दाबला. पुंजाकाका पुन्हा डोक्यावर प्लास्टिक घ्यायला लागले. निकिताने डोळे मिटून घेतले.

मागून चिखलातून फचाफच पावलं वाजली. तृप्ती धापा टाकत ताडपत्रीला लटकली.

"नका वळवू, काका! आज्जे, बस तू खाली. मीच हाय वैष्णवी."

"आन तृप्ती कोण?"

"तीबी मीच," तृप्ती म्हणाली. "पण ती रविवारपासून."