पत्त्यावर आधीच एक डॉक्टर आहेत

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या चार उरल्या होत्या आणि डॉक्टर एकही उरला नव्हता. सव्वीस वर्षं घरातल्या सगळ्यांच्या जिभा बघणारे डॉक्टर मागच्याच आठवड्यात निवृत्त होऊन लेकीकडे दूरदेशी निघून गेले होते आणि नव्या चिठ्ठीशिवाय औषधाचा दुकानदार गोळी द्यायला तयार नव्हता.

"अहो, कोपऱ्यावरचे डॉक्टर आहेत की," बायको म्हणाली. "पैसे भरू आणि मोकळे होऊ."

परिशिष्टराव ताठ झाले. (हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुठल्याही पत्राला एखादं परिशिष्ट जोडल्याखेरीज त्यांना चहा गोड लागत नसे, म्हणून ऑफिसातल्यांनी ठेवलेलं.) ते सरकारी आरोग्य विमा योजनेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते.

"एकवीस वर्षं मी लोकांना या योजनेचं महत्त्व सांगतोय आणि माझी आई रोख पैसे मोजणार? कार्ड घेणारा डॉक्टर संध्याकाळपर्यंत शोधून देतो. डॉक्टरांची यादी माझ्याच हातची आहे!"

"म्हणून तर काळजी वाटते," असं म्हणून बायको भाजी चिरायला बसली.

त्यांच्या भागातले अकरा डॉक्टर यादीत होते. परिशिष्टरावांनी घसा साफ करून पहिला फोन लावला.

"जरा डॉक्टरांशी बोलायचं होतं."

"मलाही पुष्कळ बोलायचं होतं," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "पण ते वारले, त्याला तीन वर्षं झाली."

(यादीतून नाव काढायचं तर त्या डॉक्टरांच्या सहीचा अर्ज लागतो. हा नियम परिशिष्टरावांनीच सुचवला होता. वारलेल्यांनी सही कशी करायची, हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये कुणाला सुचला नव्हता. जेवणाची वेळ झाली होती.)

दुसरे डॉक्टर हयात निघाले.

"कार्ड घेतो ना," त्यांची मदतनीस म्हणाली. "पण फक्त जुन्या पेशंटचं."

"मग जुनं पेशंट व्हायला काय करावं लागतं?"

"आधी एकदा येऊन जावं लागतं."

"मग उद्या येऊन जातो!"

"नवीन पेशंट घेत नाही आम्ही."

तिसऱ्या डॉक्टरांनी फर्निचरचा धंदा काढला होता. चौथ्यांच्या घरून कुत्र्याशिवाय कुणी बोललं नाही. दुपारी तीनपर्यंत दहा नावं संपली, परिशिष्टरावांचा आवाज बसला आणि आईनं आतल्या खोलीतून विचारलं, "बाळा, गोळी अर्धी अर्धी घेतली तर चालेल का रे?"

त्यांनी अकरावा नंबर फिरवला.

"बोला, केस की दाढी?"

"डॉक्टर आहेत का?"

"ते वारले, साहेब. त्यांचा फोन मी दुकानात घेतला. या महिन्यातले तुम्ही चौदावे. पण त्यांच्या खोलीत, माझ्या दुकानाच्या वर, आता एक तरुण डॉक्टरबाई बसतात. अर्धी गल्ली तिथंच जाते."

"कार्ड घेतात?"

"ते वर जाऊन विचारा. पण माणसाचं ऐकून घेतात, एवढं मी सांगतो."

तासाभरात परिशिष्टराव आईला घेऊन तो जिना चढत होते. वर एक छोटी खोली, दोन बाकं आणि त्यांवर सहा माणसं. समोर फळा होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कार्ड अजून का चालत नाही? कृपया वाचा' आणि खाली ओळीनं योजनेच्या ऑफिसातून आलेली सात पत्रं टाचली होती. खाकी कपड्यातला एक बसड्रायव्हर ती बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होता.

"'आपण दिलेल्या पत्त्यावर योजनेचे एक डॉक्टर आधीच कार्यरत आहेत. सबब, पत्ता मोकळा केल्याचा त्यांच्या सहीचा अर्ज जोडावा.'"

"अहो, पण ते तर वारले ना?" एका म्हातारीनं विचारलं.

"बाईंनी तेच कळवलं, मावशी. त्यावर हे उत्तर. ऐका. 'मृत्यूचा दाखला मिळाला. तथापि, सदर दाखल्यावर मयत डॉक्टरांची सही आढळून येत नाही.'"

खोली हसून हसून लोटपोट झाली. परिशिष्टरावही हसणार होते, पण तो 'तथापि' ऐकून त्यांनी मान खाली घातली. 'तथापि' त्यांचा फार लाडका.

"कोण असेल हो हे रत्न?" मावशींनी डोळे पुसत विचारलं.

आई उठली. चष्मा लावून शेवटच्या पत्राजवळ गेली, खालची सही बराच वेळ निरखली आणि परत येऊन लेकाशेजारी बसली.

"तुझं अक्षर शाळेत असताना बरं होतं," ती हळूच म्हणाली.

आत डॉक्टरबाईंनी आईचं सगळं ऐकून घेतलं. गुडघे, झोप, कानातली शिट्टी, काही म्हणजे काही सोडलं नाही. मग रक्तदाब तपासून चिठ्ठी लिहिली.

"मी आता इथंच येणार," आईनं जाहीर केलं.

"या की, आजी. फक्त कार्ड चालत नाही. तुमच्याकडून पैसे घेताना मलाच लाज वाटते. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं त्यापायी येतच नाहीत. दुखणं अंगावर काढतात."

परिशिष्टरावांना खुर्ची टोचायला लागली. "उद्या," ते एकदम म्हणाले, "उद्या सकाळी साडेदहाला तुमचं काम होईल. आधीच्या डॉक्टरांच्या सहीशिवाय!"

"खरंच? तुम्ही ओळखता त्या ऑफिसातल्या माणसाला?"

"तोंडओळख आहे."

आईला ठसका लागला.

"तुम्हांला केवढा घाम आलाय! हात पुढे करा बघू." बाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एकशे सत्तर! एवढा ताण कसला घेता? काम काय करता तुम्ही?"

आईनं चिठ्ठीची नीट घडी घालून ती पिशवीत ठेवली आणि कौतुकानं लेकाच्या पाठीवर हात ठेवला.

"तो होय? तो लोकांना डॉक्टर मिळवून देतो."

डॉक्टरबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दारातून दिसणाऱ्या फळ्याकडे पाहिलं आणि पट्ट्यात आणखी थोडी हवा भरली.