कणगीचा आग्रह

"माझं सॉफ्टवेअर म्हणजे शहाणं लेकरू आहे. दोन दिवस ढुंकून पाहिलं नाही तरी हूं की चूं करत नाही!"

हे वाक्य प्रियदर्शनीनं गुरुवारी सकाळी, सासू-सासऱ्यांच्या समक्ष, लाटणं हवेत उंचावून उच्चारलं. तिचं खरं लेकरू त्या वेळी कमरेवर बसून तिच्या कानातलं डूल ओढत होतं. खऱ्या लेकराचं नाव यशू, वय सव्वा वर्ष. ते दोन मिनिटं नजरेआड झालं की डाळीच्या डब्यात पाय घालून बसे. म्हणून असेल, पण त्या दुसऱ्या लेकराचं तिला फार कौतुक!

दुसऱ्या लेकराचं नाव कणगी. आता असं बघा, कॉम्प्युटरला हुकूम सोडायची एक भाषा असते आणि माहिती भरून ठेवायचं एक कोठार असतं, त्याला म्हणतात डेटाबेस. या दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. मधे एक जोडणी लागते, इकडचा निरोप तिकडे नेणारी. ती जोडणी म्हणजे कणगी. तिची अवस्था घरातल्या नवऱ्यासारखी! आई आणि बायको यांच्यात काहीही बिनसलं की दोन्हीकडून शिव्या त्यालाच.

लग्नाआधी अकोल्यात नोकरीला असताना प्रियदर्शनीनं ही कणगी एका थकलेल्या परदेशी आजोबांकडून सांभाळायला घेतली होती. जगभरची माणसं ती फुकट वापरत आणि हक्कानं भांडत.

"पैसे देत नाईत, तं मंग भांडतात कायले?" सासूबाई केशरबाई विचारत.

"फुकट आहे म्हणूनच भांडतात, आई!"

यशू झाली तशी नोकरी सुटली, झोप सुटली, केस विंचरणं सुटलं. कणगी तेवढी राहिली. यशू दुपारी झोपली की मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आणि हळूच, पाळण्याची दोरी एका पायानं ओढत, दोन ओळी लिहायच्या. तेवढ्या वेळापुरती ती कुणाची आई नसे, कुणाची सून नसे. फक्त प्रियदर्शनी असे.

आणि आता त्यावरच गदा आली होती. त्या भाषेची नवी आवृत्ती सोमवारी निघणार होती. सोबत मान्यताप्राप्त जोडण्यांची यादी. तिकडच्या मंडळींनी गोड शब्दांत दम दिला होता : कणगीतलं एक काम अडून आहे, ते रविवारी संध्याकाळी सहापर्यंत झालं नाही, तर कणगी यादीतून बाद. मग तिला कुत्रं विचारणार नव्हतं.

काम काय, तर कोठारानं पहिल्या हाकेला उत्तर दिलं नाही तर काय करायचं? कणगी आजवर लगेच फुगून परत येई. आता तिनं पुन्हा विचारायला हवं होतं.

"पंधरा मिनिटांचं काम आहे! रविवारी यशू झोपली की उरकते," प्रियदर्शनी म्हणाली आणि लाटणं खाली ठेवलं.

त्याच दुपारी यशूला टोचून आणलं. संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलं. नवरा स्वप्निल परीक्षेच्या ड्यूटीवर अकोल्याला. यशू आईच्या खांद्यावरून उतरेना. शेवटी प्रियदर्शनीनं लॅपटॉप सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला.

"मामाजी, इथं लोकांच्या तक्रारी येतात. तुम्ही फक्त एवढंच लिहायचं, 'मिळालं, पाहून कळवतो.' बाकी कशालाही हात लावायचा नाही."

देवमनजी चांदूर रेल्वेच्या पोस्टातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, पण स्वतःला कुणी फारसं लिहिलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढली. "अवं, तू काहून घाबरतं? पोस्ट सांभायलं मी. हे काय मोठं!"

तिला तेव्हाच धसका बसायला हवा होता. पण मुलीचा ताप उतरवायचा की सासऱ्यांचा उत्साह?

रविवारी सकाळी ताप उतरला. अकराच्या सुमारास यशू झोपली. प्रियदर्शनीनं चहाचा कप भरला, लॅपटॉप उघडला आणि चहा तसाच राहिला!

कुठल्याशा देशातल्या एका बाईनं लिहिलं होतं की कणगी तारखा उलट्या दाखवते. खाली कणगीच्या अधिकृत नावानं उत्तर होतं : "ताई, काळजी करू नका. करून देऊ. घरी सगळे बरे आहेत ना?"

एकानं नवी सोय मागितली होती. "करून देऊ."

दुसऱ्यानं बरोबर त्याच्या उलट सोय मागितली होती. "हेही करून देऊ."

ब्राझीलच्या एकानं संतापून लिहिलं होतं की असलं भिकार काम आयुष्यात पाहिलं नाही. त्याला उत्तर : "आपण उपाशी दिसता. कधी अमरावतीला या. बडनेऱ्याला उतरा, मी घ्यायला येतो. जेवून बोलू."

त्यावर त्या माणसानं विचारलं होतं, कोणती गाडी सोयीची पडेल?

"मामाजी!"

देवमनजी अंगणातून लगबगीनं आले. "पाह्यलं? एकही पत्र पडून नाई ठेवलं! मी मराठीत बोललो अन् मोबाइलनं त्यायच्या भाषेत करून देल्लं."

"अहो, पण सगळ्यांना 'करून देऊ' कसं म्हणालात?"

"मंग दारात आल्या माणसाले नाई म्हनू काय?"

"दारात कुठं आलेत? ब्राझीलमध्ये बसलेत!"

"तेई मानूसच आहे नं!"

प्रियदर्शनीनं कपाळाला हात लावला, आणि तेवढ्यात तिची नजर आणखी खाली गेली. तिथं हिरवं बटण दाबलेलं होतं.

हे हिरवं बटण म्हणजे काय, तर बाहेरच्या कुणी कणगीत सुधारणा लिहून पाठवली आणि ती पटली, की ते दाबायचं. की ती सुधारणा आत! अकोल्याच्या कुणा गजेंद्रनं तीच सुधारणा पुन्हा पुन्हा धाडली होती आणि तिनं दर वेळी नाकारली होती. हा गजेंद्र कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळे. त्याचं म्हणणं, कोठारानं उत्तर दिलं नाही तर कणगीनं विचारत राहायचं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा! उत्तर मिळेपर्यंत थांबायचंच नाही. ती लिही, "याला मर्यादा घाला." तो लिही, "थांबलो तर कापसाच्या गाड्या उभ्या राहतात. मर्यादा कशाला?"

"मामाजी, हे बटण कुणी दाबलं?"

"मीच तं दाबलं. किती दिवसांचा मांगे लागला बिचारा! अन् त्याचं म्हननं मले पटलं. एकदा नाई म्हटलं म्हनून आग्रह सोडाचा? हे कोनतं वळन? पाव्हना पयल्यांदा नाईच म्हनते!"

झालं! वऱ्हाडातला जेवणाचा आग्रह देवमनजींनी थेट जगाच्या डेटाबेसांना सुरू केला होता!

परिणाम व्हायचा तोच झाला होता. भाषेच्या मंडळींनी कणगीची ताजी प्रत आपल्या चाचणीच्या मशीनवर चढवली. तिथलं कोठार क्षणभर दमलं, जरा गप्प राहिलं. की धावली कणगी! एक नाही, शेकडो कणग्या एकदम : घेता का? घ्या ना! थोडं तरी घ्या! कोठाराला श्वास घ्यायला सवड मिळेना. शेवटी त्यानं मान टाकली. त्यांचं पत्र येऊन पडलं होतं. त्यात गोड शब्द एकही नव्हता. सहाची वेळ तेवढी ठळक अक्षरांत होती.

प्रियदर्शनीनं दात-ओठ खाऊन गजेंद्रची सुधारणा उपटून बाहेर काढली. शेवटची कळ दाबायला आणि यशूनं भोकाड पसरायला एकच गाठ पडली. आणि त्याच क्षणी फाटकाशी मोटारसायकल थांबली.

"जय भीम, काका! मी गजेंद्र. अकोल्याहून आलो. तुमी जेवाले बलावलं होतं नं!"

देवमनजींचा चेहरा उजळला. "या, या! अवं ऐकलं काय, पाव्हने आले!" मागं, अंगणात रोडग्यांचा वास कधीचा सुटला होता. केशरबाई सकाळपासून गोवऱ्यांच्या आरावर का बसल्या आहेत, याचा उलगडा प्रियदर्शनीला आत्ता झाला.

गजेंद्र खुर्चीवर टेकला, मोबाइल काढला आणि त्याचा चेहरा पडला. "वहिनी, हे काय? माझं काम आत घेतलं होतं. आता तं बाहेर दिसून राह्यलं!"

देवमनजींनी सुनेकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं. पण ते नुसतंच पाहत होते, चुकीच्या पत्त्यावर पडलेलं पत्र पाहावं तसं.

"म्या शब्द देल्ला होता, बाई," ते हळूच म्हणाले.

आता आली का पंचाईत! सुधारणा आत ठेवावी तर कणगी जाते, बाहेर ठेवावी तर मामाजींचा शब्द जातो, आणि कडेवरची यशू दोघांच्याही वरताण रडतेय!

"आधी जेवून घ्या. भांडन कुठी पऊन जाते काय?" केशरबाईंनी निकाल दिला आणि ताट मांडलं.

वांग्याची भाजी, वरण आणि रोडगे. रोडगा म्हणजे कणकेचा गोळा आरावर भाजून, फोडून, तुपात बुडवलेला. साधा माणूस दोन खाल्ले की भिंत शोधतो. गजेंद्रनं भुकेच्या भरात तीन खाल्ले.

"घ्या अजून एक," देवमनजी म्हणाले.

"नाई काका, झालं."

"असं कसं? अकोल्याहून आले तुमी!" पडला रोडगा.

तो गजेंद्रनं कसाबसा संपवला आणि ताटावर दोन्ही हात आडवे धरले. केशरबाईंनी हातांच्या फटीतून वरण ओतलं. "वरन हाय तं रोडगा पाह्यजेच!" पडला रोडगा.

"काकू, खरंच नको! पोटात जागा नाई!"

"अर्धाच घ्या."

वऱ्हाडात अर्धा रोडगा अजून कुणी पाहिलेला नाही. पूर्ण पडला! वर तुपाची वाटी उपडी झाली. गजेंद्रच्या कपाळावर घाम आला. त्यानं पट्टा सैल केला, मग डोळे मिटले, मग गप्प झाला. अगदीच गप्प!

"बोलत नाईत. लाजून राह्यले," देवमनजी म्हणाले आणि टोपल्यात हात घातला.

"थांबा!!" गजेंद्र ओरडला. ताट सोडून तो भिंतीला टेकला आणि केविलवाण्या नजरेनं त्यानं प्रियदर्शनीकडे पाहिलं. "वहिनी, समजलं. कोठार गप्प काहून बसते ते समजलं! मर्यादा टाका. तीनदा इचाराचं, दरवेळी जरा थांबून इचाराचं, अन् मंग गुमान वापस याचं."

"आणि कापसाच्या गाड्या?"

"राहू द्या उभ्या! कोठार जिवंत राह्यलं तं पुढं-मांगे खाली होतीन!"

प्रियदर्शनी उठली. यशूला देवमनजींच्या मांडीवर दिलं. गजेंद्रला उठून बसवत नव्हतं, म्हणून तो आडव्यानंच ओळी सांगत गेला आणि ती लिहीत गेली. त्याचंच काम, त्याच्याच नावानं, मर्यादेसह पुन्हा आत आलं. हिरवं बटण या वेळी तिनं दाबलं, पण देवमनजींना शेजारी बसवून. शब्द राहिला! सहाला थोडा अवकाश असताना तिकडून उत्तर आलं : चाचणी पार, कणगी यादीत. खाली पुरवणी : ते जेवणाचं विचारणारे गृहस्थ पुढेही पत्रं लिहितील ना? सगळ्यांना फार आवडले.

देवमनजींनी त्याचं भाषांतर दोनदा वाचून घेतलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. मग जरा खाकरून म्हणाले, "पन बाई, तीनदाच काहून? चौथ्यांदा इचारलं तं काय बिघडते?"

"मामाजी, तीन म्हणजे तीन! नको म्हणाल्यावर किती वेळा विचारायचं, याला काही रीत असते! एवढी साधी गोष्ट तुम्हा लोकांना कळत कशी नाही?"

हे तिनं फार ठणकावून सांगितलं. केशरबाई नुसत्या तिच्या हाताकडे पाहत होत्या. त्या हातात वरणभाताचा घास होता आणि समोर यशू, ओठ गच्च मिटून, मान इकडून तिकडे हलवत बसली होती.

"काय झालं, आई?" प्रियदर्शनीनं विचारलं आणि लगेच लेकीकडे वळली. "घे गं माझी सोनी... हा एकच. शेवटचा. हा चिऊचा झाला, आता हा काऊचा..."