मोडक्या कानाचा नंदी

केशव धोंडू कुठल्याही गावात शिरला की आधी नंदीचे कान तपासायचा. देवाला नमस्कार नंतर. वाकून, डोळे बारीक करून आधी डावा कान, मग उजवा, मग खात्रीसाठी पुन्हा डावा. दोन्ही कान शाबूत निघाले की नंदीनेच दगा दिल्यासारखा उसासा टाकायचा, खिशातून वही काढून गावाच्या नावावर काट मारायचा आणि म्हणायचा, "चला वामनराव, पुढील ग्राम."

वामनराव म्हणजे मी. तेव्हा माझं वय एकोणीस होतं आणि मला 'राव' म्हणणारा तो नाशकातला एकमेव इसम होता. रविवारची झोप सोडून मी त्याच्यामागून घोटी-इगतपुरीच्या चिखलातून का हिंडलो, याचं निम्मं उत्तर त्या 'राव'मध्ये आहे.

केशव मॉरिशसचा. त्याच्या आजाला आगबोटीने तिकडे ऊस तोडायला नेलं होतं. तिथल्या मराठी मंडळींनी वर्गणी काढून याला आमच्या कॉलेजात पाठवलं, शिकून परत ये आणि मुलांना मराठी शिकव म्हणून. आमच्याकडची जुनी माणसं मॉरिशसला मोरस म्हणत आणि तिथून येणाऱ्या पांढऱ्या साखरेलाही. तो माडीवरची खोली मागायला आला तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मोरसहून साखर येते हे ठाऊक होतं. माणूस येईल असं वाटलं नव्हतं."

"माणसेही तिकडेच निर्यात झाली होती, महाराज," तो म्हणाला. "मी परतीचा माल आहे."

त्याची मराठी अशीच होती. अर्धी आजाच्या पाठ असलेल्या पोथीतून आलेली, अर्धी उसाच्या मळ्यातली. त्यामुळे तो एकतर ऋषीसारखा बोलायचा नाहीतर गड्यासारखा, मधलं काही नाही. पहिल्याच दिवशी त्याने स्टेशनावर कादरभाई टांगेवाल्याला "हे सारथी, रथ थांबवावा" अशी हाक मारली. कादरभाईला ती इतकी आवडली की पुढे दोन वर्षं तो आमच्या दारात येऊन ओरडायचा, "मोरसवाले, रथ जोडलाय! बसा, नाहीतर घोडा रुसंल!"

आडनाव विचारलं तर तो धोंडू सांगायचा. धोंडू हे आजाचं नाव. बेटावर उतरताना गोऱ्या कारकुनाने तेवढंच लिहून घेतलं, आणि तेच पुढे घराण्याला चिकटलं. कॉलेजात प्रोफेसर हजेरी घेताना "धोंडू" म्हणून पुकारायचे आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. हा मात्र प्रसन्न चेहऱ्याने उभा राहायचा. मला म्हणाला, "दिवसातून चार वेळा कुणीतरी आजाला हाक मारतो. बरे वाटते."

आणि "लेखी आहे काय?" हे त्याचं पालुपद. आज एकादशी आहे म्हटलं, लेखी आहे काय? सीतागुंफा इथेच, लेखी आहे काय? एकदा आईने त्याला सांगितलं की ताकाने सर्दी होते, तर त्याने तिलाही तेच विचारलं. आई चार दिवस त्याला ताक वाढेना. मी चिडून कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "आमच्याकडे प्रत्येक माणसाचा कागद असतो, वामनराव. नंबर असतो. मळा कोणता, जहाज कोणते, सर्व लिहिलेले. फक्त गाव लिहायचे राहिले."

तेच त्याचं दुखणं होतं. त्याच्या लहानपणी आजा सांगायचा की आपलं गाव घाटावर, भाताच्या मुलखात. रेल्वेचा घाट खोदायला आजा गेला, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीत. गावाचं नाव विचारलं की म्हातारा विषय बदलायचा. शेवटच्या आजारात तर ते त्यालाही आठवेना. लक्षात राहिला तो फक्त वेशीतला मोडक्या कानाचा नंदी. तिकडे केशवचा बाप आता अंथरुणाला खिळला होता. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली त्याची पत्रं महिना-महिना समुद्रावरून येत, आणि प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच असे: गाव मिळाले काय? बाकी त्याला मुलाकडून काही नको होतं. मरायच्या आधी गावाचं नाव ऐकायचं होतं.

आता नंदी म्हटला की कान मोडायचाच. त्या मुलखात डावा कान मोडलेले, उजवा कान मोडलेले, दोन्ही मोडलेले, आणि एक तर डोकंच नसलेला असे नंदी आम्ही पाहिले. कान मोडका निघाला की केशव गावातल्या म्हाताऱ्यांना गाठायचा. इथून कुणी धोंडू, बापाचं नाव रामा, आगबोटीने गेला होता काय? म्हातारे माना हलवायचे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी दुष्काळात, तापात, रेल्वेत कोण कोण गेलं याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

घोटीच्या पलीकडे एका गावात नंदी अगदी धडधाकट निघाला. केशव मटकन पारावर बसला. तिथल्या एका म्हाताऱ्याने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि उठून उभा राहिला.

"कान मोडका पायजे व्हय? मंग त्यात काय एवढं! घन आनतो, देतो मोडून. लय लांबून आला हायेस, रिकाम्या हातानं नको जाऊ."

मी हसून हसून बेजार झालो. केशव हसला नाही. त्याने म्हाताऱ्याचे पाय धरले. "नको बाबा. मोडलेला पाहिजे. मोडून दिलेला नको."

परतीच्या गाडीत तो सारा वेळ खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या हसण्यासारख्या गोष्टी सांगायला मी बसलो खरा, पण आता आठवायला लागलं की त्यातल्या बहुतेक गोष्टींच्या शेवटी तो असाच बसलेला दिसतो.

गावोगाव हिंडून झालं तेव्हा राहिल्या आमच्या वह्या. आम्ही क्षेत्रोपाध्ये. यात्रेकरू नाशकाला आला की आपलं गाव आणि आडनाव सांगतो. आम्ही त्या गावची वही काढून त्याचा बाप, आजा, पणजा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतो, आणि मग तो स्वतःच्या हाताने आपल्या कुटुंबाची नावं खाली लिहितो. पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं काम. पण वह्या गाववार. ज्याला गावच नाही त्याचं पान कसं काढायचं? केशवने त्यावर तोड काढली. सगळ्याच वह्या पहिल्या पानापासून वाचायच्या. जुना मजकूर मोडीत, म्हणून तीन महिन्यांत तो अण्णांकडून मोडी शिकला आणि माझ्यापेक्षा चांगली वाचू लागला. अण्णांनी हे मला दिवसातून दोनदा ऐकवलं.

रोज संध्याकाळी तो ओसरीवर मांडी घालून बसायचा. ओळीवरून बोट फिरवत वाचायचा आणि मधूनच बोट उचलून मला दाखवायचा. जुन्या काळी शाई सुकवायला ओल्या अक्षरांवर वाळू टाकत. ती वाळू अजून अक्षरांना चिकटलेली असे आणि त्याच्या बोटाला लागे. पानांच्या बेचक्यात साठलेले कण तो काडेपेटीत भरून ठेवायचा. "गोदावरीची आहे," म्हणायचा. "आजा इथे असतानाची." आईला वाटायचं याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पितृपक्षात तो रामकुंडावर जाऊन तासन्‌तास बसे. लोक भटजींना बाप, आजा, पणजा आणि गाव घडाघडा सांगत. "बघा वामनराव, किती सहज सांगतात," तो म्हणायचा. मला माझ्या पणजाचं नाव सांगायची तेव्हा लाज वाटली, आणि मी तिथून उठून गेलो.

दुसऱ्या वर्षीच्या परीक्षेनंतर पत्र आलं. बाप शेवटच्या दिवसांत आहे, मिळेल त्या बोटीने निघ. बोटीला आठ दिवस होते आणि इगतपुरीकडच्या दोन वह्या वाचायच्या राहिल्या होत्या. केशवचं जेवण सुटलं. सकाळपासून तो वही घेऊन बसे आणि बोट फिरवत राही. ओठ हलत, आवाज येत नसे. मला ते बघवेना.

एके दुपारी अण्णा जेवून झोपले होते आणि केशव बोटीच्या चौकशीला गेला होता. मी न वाचलेली शेवटची वही काढली. खडकवाडी म्हणून एक गाव होतं. तापाच्या साथीत सगळं उठून गेलेलं, तिथलं आता कुणी येत नसे. त्या पानाच्या तळाशी जागा होती. मी शाईत पाणी घालून ती फिकी केली आणि जमेल तशा जुन्या वळणाच्या मोडीत रामाच्या मुलाच्या नावाने लिहिलं: लक्ष्मण बिन रामा, मौजे खडकवाडी. धाकटा भाऊ धोंडू आगबोटीने गेला. वाट पाहतो. मग टिपकागदाने ओळ टिपली आणि वही जागेवर ठेवली. आमच्या घराण्यात यापेक्षा मोठं पाप नाही. चोरी परवडली.

केशव दोन दिवसांनी त्या पानावर पोचला. मी समोर सुपारी कातरत असल्याचं नाटक करत होतो. त्याचं बोट त्या ओळीवर आलं, पुढे सरकलं, परत मागे आलं. तिथेच थांबलं. मग त्याने बोटाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

"वामनराव," तो हळूच म्हणाला, "कुणीतरी वाट पाहिली होती म्हणायची."

मला हुंदका आवरेना. तो मात्र रडला नाही. त्याने वहीवर डोकं टेकवलं आणि आम्ही तडक कादरभाईच्या टांग्याने तारऑफिसात गेलो. बापाला तार गेली: गाव खडकवाडी, लेखी आहे.

"नंदी बघून यायचा का?" मी भीतभीत विचारलं. तिथे नंदी आहे की नाही, हे मला कुठे माहीत होतं!

"नको. आता नंदी कशाला?" तो म्हणाला. "लेखी आहे ना."

माझी युक्ती फळली म्हणून मी मनातून खूश होतो. जायच्या दिवशी तो रिवाजाप्रमाणे वहीत आपली नोंद करायला अण्णांपुढे बसला. मी कादरभाईला बोलवायला गेलो होतो, परत आलो तो वही मिटलेली होती. अण्णांनी ती स्वतःच्या हाताने उचलून फडताळात ठेवली. स्टेशनावर कादरभाईने त्याच्याकडून भाडं घेतलं नाही. "सारथ्याला कोन पैसे देतं?" म्हणाला आणि पाठ फिरवून घोड्याचा पट्टा उगाच आवळत बसला.

पुढे एक पत्र आलं. तार बापाला वेळेवर मिळाली होती. तीन दिवस म्हातारा येईल त्याला "मी खडकवाडीचा" म्हणून सांगत होता. सांगता सांगताच गेला. केशव पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. मी लिहिलेली दोन परत आली.

अण्णांनी त्यानंतर इगतपुरीकडच्या वह्यांना मला कधी हात लावू दिला नाही. ते गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी धीर करून मी खडकवाडीचं पान उघडलं.

माझ्या ओळीखालीच, तळच्या समासात, केशवच्या घोटीव मोडीत लिहिलं होतं:

"केशव, बाप गणू, आजा धोंडू, पणजा रामा. मोरस बेट. गाव ठाऊक नाही. वरची ओळ पुसू नये. भाऊ: वामन, मुक्काम पंचवटी. वाट पाहतो."

मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. बोटाला वाळू लागली. काडेपेटीतली ती सगळी जपून ठेवलेली वाळू त्याने या चार ओळींवर टाकली होती. वर माझ्या ओळीवर बोट फिरवलं, तर कागद गुळगुळीत. टिपकागदाने टिपलेला. त्याला त्या संध्याकाळीच, बोट थांबलं त्या क्षणीच कळलं होतं. नंदीचा कान मोडून दिलेला आहे हे ओळखून त्याने तो मुकाट्याने घेतला, बापासाठी आणि माझ्यासाठीही.

उपाध्याचं नाव यजमानाच्या वंशात लिहायची रीत नाही. मी ते पुसलेलं नाही. वर्षातून एकदा ती वही उन्हाला टाकतो, तेव्हा त्या पानावरची वाळू सांडणार नाही अशी धरतो, आणि दारात टांगा थांबला की अजून उठून बघतो.