बापूंचा सात नंबरचा कॅन

आमच्या समोरच्या दारातले बापू सोनवणे सकाळी पावणेसहाला माझी बेल वाजवतात. हातात स्टीलचा पेला. "सर, दोनच मिनिटं. जरा जिभेवर ठेवा." अहो, दात तरी घासू द्या माणसाला! मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो एवढाच काय तो माझा गुन्हा. तेवढ्यावर या गृहस्थांनी मला आपला तज्ज्ञ नेमून टाकलंय.

पेल्यात असते वाइन. घरी केलेली, आणि प्लास्टिकच्या कॅनमध्ये मुरवलेली.

बापू मूळचे नामपूरचे. पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाउसमध्ये तीस वर्षं सुपरवायझर होते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या घडात एक डागी मणी दिसला की घड बाजूला, इतकी करडी नजर. निवृत्त झाले, नाशकात फ्लॅट घेतला, वर्षभरात वहिनी गेल्या. आता घरात बापू आणि अकरा कॅन. गोड्या तेलाचे, पाण्याचे, एक फिनेलचासुद्धा. "सात वेळा धुतलाय, सर!" असं वर मलाच ऐकवतात. सोफ्यावर कॅन, शिलाई मशीनखाली कॅन. पाहुण्यानं बसायचं कुठे, तर बसायचंच नाही.

वाइनला हवी शांतता, आणि बापूंकडे ती औषधालाही नाही. दर अर्ध्या तासाला झाकण उघडायचं. "फुगलाय का बघू." पुन्हा उघडायचं. "बसलाय का बघू." मग कॅनला कान लावायचा आणि मला ओढत न्यायचं, "बोलतेय, सर! ऐका ऐका!" मी ऐकतो. आत बुडबुड चाललेली असते.

"अहो बापू, प्लास्टिकमधून हवा आत शिरते," मी शंभरदा सांगितलं असेल. "त्यात तुम्ही दिवसभर झाकणं उघडता. ती मुरत नाही, आंबते. काच वापरा, काच!"

"काच मेलेली असते, सर. प्लास्टिक श्वास घेतं." असं म्हणून पुढचं झाकण उघडतात.

सगळ्या कॅनवर नंबर घातलेत, पण सात नंबरच्या कॅनमधली कुणाला द्यायची नाही. तो शिवाचा. शिवा म्हणजे बापूंचा धाकटा भाऊ, नामपूरला कांद्याचा व्यापारी. तरुणपणी दोघांनी पॅकहाउसची बाद द्राक्षं तेलाच्या कॅनमध्ये कुजवून पहिली वाइन केली होती आणि ती पिऊन दोन दिवस 'ताप आलाय' म्हणून पडून राहिले होते. "तुमचं शिक्षण लय मोठं हाय, सर, पण जीभ शिवाची." त्या जिभेसाठी दरवर्षी सात नंबर भरतो, आणि शिवा पाच वर्षांत एकदाही आलेला नाही. भांडण नाही, तंटा नाही. नुसता कांदा. बापू फोन स्पीकरवर टाकतात आणि पलीकडून दरवेळी अहिराणीत तेच येतं, "दादा, सध्या कांदा चालू शे. पुढला महिनामा येस." पुढला महिना येतो. शिवा येत नाही. श्रावणापर्यंत सात नंबरचं व्हिनेगर झालेलं असतं आणि ते आमच्या घरी येतं. आमची सात पिढ्यांची कोशिंबीर त्यात निघेल.

गेल्या वर्षी बापूंनी कॅनच नामपूरच्या टेम्पोत घालून पाठवायचा ठरवला. स्कूटरवर पायाशी कॅन ठेवून निघाले, द्वारका चौकातल्या गर्दीत अडकले, उन्हानं कॅन तापला आणि झाकण उडालं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, सगळं लालभडक! लोकांना वाटलं अपघात. एकानं पाणी मारलं, दोघांनी बापूंना उचलून रिक्षात कोंबलं, आणि हे आतून ओरडताहेत, "मला राहू द्या, कॅन उचला!" तेव्हापासून पाठवणं बंद. शिवानंच यायचं.

यंदा मला राहवलं नाही. मोठी काचेची बरणी आणली, हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही असं बूच बसवून. तीन जिने चढवताना कंबर गेली माझी. "घ्या! सात नंबर यात ओता. दोन वर्षं टिकेल. शिवा कधी का येईना!"

मला वाटलं, बापू खूश होतील. त्यांचा चेहराच उतरला. बरणीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बूच काढलं, लावलं. "नको, सर. परत न्या."

माझं टाळकं सटकलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? दरवर्षी नासवता, आणि वर—"

"प्लास्टिकात नासते ते मला कळत नाय होय, सर?" बापू खालच्या आवाजात म्हणाले. "तीस वर्षं माल टिकवायचंच काम केलं. पण दोन वर्षं टिकते म्हटलं, तर शिवा दोन वर्षांनीच येईल ना. आत्ता निदान म्हणता येतं, लवकर ये, नासेल."

अंगात आलेला राग कुठे ठेवावा तेच कळेना.

बापूंनी सात नंबरमधून पेला भरून माझ्या हातात दिला आणि नामपूरला फोन लावला. मी घोट घेतला. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. निव्वळ व्हिनेगर!

"दादा, पुढला महिनामा..." शिवा सुरू झाला.

"तोवर नाय टिकायची रे. हे बघ, सर इथंच हायेत. त्यांनाच विचार." आणि फोन माझ्या हातात.

वर्गात मी एका चुकीच्या समीकरणाला शून्य देतो. पण समोर बापू उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, "शिवाजीराव, अशी वाइन मी जन्मात चाखली नाही. पण रविवारपर्यंतच हं. सोमवारी काही खरं नाही."

पलीकडे कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. शिवानं त्याला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "मंग रविवारले येस. दादाले सांगा."

फोन बंद झाला. बापूंनी तो माझ्या हातातून घेतला आणि सदऱ्याला पुसत राहिले.

"आंबलीय ना, सर?"

"पार. आता त्याला देणार काय तुम्ही?"

"चहा देईन की!" बापू फोन खिशात टाकत म्हणाले. "येतोय ना तो!"