दोनशे बारा जणांचं मत

"आस्गर, फोनवर एक गृहस्थ आहेत," व्हिबेके दारातूनच म्हणाली. "होल्गर म्हणून. त्यांच्या आईला तुझं पत्र मिळालं, पण म्हणे ती उत्तर देऊ शकत नाही. ती आपल्याच पेटीत आहे."

आस्गर खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला.

डेन्मार्कच्या पश्चिम युटलंडमधल्या त्या गावात व्हिबेकेच्या आजोबांपासून शवपेट्यांचा कारखाना होता. आस्गरने तिथे तीस वर्षं सुतारकाम केलं. पाठ कामातून गेली तेव्हा व्हिबेकेने त्याला खुर्ची दिली आणि खुर्चीबरोबर पदही दिलं, शाश्वतता प्रमुख. यंदा कारखान्याच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं, दुहेरी महत्त्वाचं मूल्यमापन केल्याशिवाय तुमच्या पेट्या घेणार नाही. म्हणजे आपण जगाचं काय बरंवाईट करतो ते तपासायचं, जग आपलं काय करू शकतं तेही तपासायचं आणि जे मोठं ठरेल त्यावर पुढचं धोरण बांधायचं. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांनाच विचारा, असं मूल्यमापनाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. आस्गरने मन लावून तेवीस प्रश्न काढले आणि पाट्यांच्या यादीवरून पत्रं छापली. यादीत नावं होती, पत्ते होते. फक्त पहिल्या रकान्यातलं नाव पेटीवरच्या पितळी पाटीसाठी होतं. नातेवाइकांची नावं चौथ्या रकान्यात होती.

"किती पत्रं गेली?" व्हिबेकेने विचारलं.

"दोनशे बारा."

"आणि त्यातले वारलेले किती?"

"सगळे."

व्हिबेकेने होल्गरच्या आईच्या पत्राची प्रत उचलून वाचली. 'प्रिय एल्से, आमच्या उत्पादनाचा तुमच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम झाला? येत्या दहा वर्षांत हवामानबदलाची झळ तुम्हाला कितपत बसेल?' तिने कागद पालथा ठेवला.

"माफीचं पत्र पाठव. आजच्या आज."

आस्गरने ते पत्र स्वतः लिहिलं, दोनदा खोडून, शब्द पारखून. टपालाची गाडी तीनला जायची, त्यामुळे छापायची घाई झाली. यादी तीच राहिली आणि रकानाही तोच. 'प्रिय एल्से, तुम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. तुमच्या बाबतीत असं पुन्हा घडणार नाही.'

सोमवारी होल्गरचा परत फोन आला.

"आईला माफीही पोचली," तो म्हणाला.

"मला आता बोलायला तोंड राहिलं नाही हो," आस्गर म्हणाला.

"असू दे. ती असती तर पोट धरून हसली असती. आठ महिन्यांत आमच्या घरी तिचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. काल पत्र वाचताना सगळ्यांनी घेतलं." मग तो म्हणाला, "तुमचे प्रश्न मीच भरून पाठवतो. एक गोष्ट सांगायचीच होती."

आठवड्याभरात पाकिटं येऊ लागली. काहींनी आस्गरचा उद्धार केला होता. एका बाईंनी नवऱ्याचा कोरा फॉर्म परत धाडला होता आणि खाली लिहिलं होतं, 'हे बोलायचेच कमी.' पण बऱ्याच जणांनी तेवीस प्रश्न सोडून भलत्याच गोष्टीवर लिहिलं होतं. पेटीच्या मुठींवर.

दोन वर्षांपूर्वी लाकडी मुठी काढून कागदाच्या लगद्याच्या मुठी बसवायची कल्पना आस्गरचीच. दहनात धूर कमी आणि झाडंही वाचतात. व्हिबेकेने सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं होतं. होल्गरने लिहिलं होतं, 'पाऊस होता. मूठ हातात मऊ पडत गेली. चर्चपासून गाडीपर्यंत आईला शेवटचं उचललं, पण सगळा वेळ मी मुठीकडेच बघत होतो. आईचा विचार करायचा राहून गेला.'

आस्गरने ते पत्र तीन वेळा वाचलं आणि घरी गेला.

घरच्या टपालपेटीत कारखान्याचीच दोन पाकिटं पडून होती. दोन्ही ग्रेटेच्या नावाची. ग्रेटे, त्याची बायको, मार्चमध्ये गेली होती. यादीतल्या तिच्या ओळीवरून तो डोळे उचलून पुढे गेला होता, पण छपाईयंत्र कशाला पुढे जाईल?

तो स्वयंपाकघरात कोट न काढता बसला. मार्चमध्येही पाऊसच होता. ग्रेटेला नेताना चर्चच्या फाटकाजवळ त्याच्या हातातली मूठ वाकली होती, तेव्हा त्याने दुसरा हात पेटीखाली घातला. पाठीतून कळ गेली, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. सोबतचे पाच जण त्याच्या सुतारकीवर विश्वास टाकून चालत होते. नंतर त्याने व्हिबेकेला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

त्याने फॉर्म उघडला. बावीस प्रश्न ओलांडून तो शेवटच्यावर आला, 'आमच्यात काय सुधारणा व्हावी असं तुम्हाला वाटतं?' तिथे त्याने मुठीचं सगळं लिहिलं, अगदी गप्प राहिल्याचंसुद्धा.

पुढच्या महिन्यात मूल्यमापन तपासायला आर्हूस शहरातून तपासनीस आली. सिन्ने नाव तिचं, हातात कारखान्याने पाठवलेले तक्ते. तक्त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे दोन्हीकडून सगळ्यात मोठ्या ठरलेल्या गोष्टीच्या जागी, एकच शब्द होता.

"मूठ?" तिने विचारलं.

"हो, मूठ," व्हिबेके म्हणाली. "लोकांच्या हातात ती वाकते, आणि अशी वाकत राहिली तर लोक आमच्याकडे येणार नाहीत. पुढच्या महिन्यापासून पुन्हा लाकडी. वाऱ्याने पडलेल्या झाडांची."

"बाकी सगळीकडे त्या कोपऱ्यात हवामान असतं," सिन्ने म्हणाली आणि उत्तरांचा गठ्ठा चाळू लागली. एका फॉर्मवर ती थांबली आणि आस्गरकडे वळली. "हे अक्षर तुमच्या अहवालातल्या नोंदींसारखं दिसतंय. तुम्ही भरलंय का?"

"मीच," आस्गर म्हणाला.

"मग हे नातेवाइकांच्या उत्तरांत धरता येणार नाही. कर्मचाऱ्यांचा गठ्ठा वेगळा असतो."

व्हिबेकेने मान वळवून आस्गरकडे पाहिलं. तो फॉर्म तिने वाचला नव्हता.

"कर्मचारी म्हणून नाही भरलं," आस्गर म्हणाला.

सिन्नेने फॉर्मवर छापलेलं ग्रेटेचं नाव वाचलं, मग आडनाव, आस्गरचंच, मग खालच्या चार ओळी. कर्मचाऱ्यांच्या गठ्ठ्याकडे नेलेला तो कागद तिने परत आणला, होल्गरच्या पत्राखाली नीट सरकवला आणि आपल्या वहीत नातेवाइकांच्या उत्तरांपुढे अडतीसच्या जागी एकोणचाळीस केलं.