धुळानानांचा आंगठा

आमच्या गच्चीवरचा दिवा रोज संध्याकाळी आठ ते साडेआठ या वेळात धुळानानांच्या बंडीच्या खिशात असायचा. बल्ब तापलेला असला तर नाना तो फेट्याच्या टोकानं धरून काढायचे, खिशात टाकायचे आणि साडेआठला परत जागच्या जागी बसवायचे. हा प्रकार मला कळला तेव्हा गच्चीवर बल्बचोर फिरतो अशी तक्रार घेऊन तिसऱ्या मजल्यावरचे जोगळेकर माझ्या दारात उभे होते. जोगळेकर जेवणानंतर गच्चीवर चाळीस फेऱ्या मारतात. अंधारात त्यांची नडगी पाण्याच्या पाइपवर आपटली होती आणि त्यांनी लेंगा वर करून पुरावा दाखवला.

तक्रार माझ्याकडे आली, कारण सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या 'अनुराधा अपार्टमेंट'चा सेक्रेटरी मी आहे. ज्या सभेत ही निवड झाली त्या दिवशी मी मेहुण्याच्या लग्नाला कुंडलला गेलो होतो. हजर असतो तर वाचलो असतो.

चोर पकडायला मी वर गेलो. दक्षिणेकडं तोंड करून, घोंगडं अंथरून एक म्हातारा बसला होता. चौथ्या मजल्यावरच्या तानाजीचे वडील. गुडघे गेले म्हणून लेकानं त्यांना आटपाडीकडून इथं आणलं होतं.

"नाना, इथला दिवा कुठं गेला?"

"माज्या खिशात हाय," नाना म्हणाले. माणसानं घड्याळात बघून वेळ सांगावी तसं.

"का काढला?"

"औंदा ह्यो दिवा बसला आन् तारा दिसंना." मग त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "तुमी शेक्रेटरी न्हवं? मंग ह्या बिल्डिंगीचं नाव बदला. अनुराधा आभाळातल्या इंचवात आसती. हितनं आत्ता ती दिसत बी न्हाई."

अनुराधा ही बिल्डरची बायको असून ती मिरजेत असते, असं मी सांगितलं. नाना म्हणाले, "मंग तसं लिवा की. बराबर लिवावं मानसानं."

हे 'बराबर' नानांचं दुखणं होतं. सत्तर वर्षांत त्यांनी एकही चूक डोळ्यांसमोरून तशीच जाऊ दिली नसावी. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या मुलीला ते रोज समोरासमोर दुरुस्त करायचे. गच्चीवर ढग येऊन थांबला की किती वाजता पुढं सरकणार हे सांगायचे आणि तो सरकला नाही तर ढगालाही बोलायचे. सव्वीस जानेवारीला आम्ही मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली, त्यात एका मुलीच्या 'मेंढपाळ' या चित्राला पहिला नंबर मिळाला. बक्षीस द्यायला नानांना बोलावण्याची कल्पना माझी. नानांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि जाहीर केलं, "ह्या शेरड्या हाईत. शेपटी वर गेली की शेरडी. मेंढराची खाली लोंबती." मुलगी रडायला लागली. समारंभ थांबला. मग नाना तिच्याशेजारी मांडी घालून बसले आणि पुढचा अर्धा तास दोघांनी मिळून अकरा शेपट्या खाली केल्या.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे ते हातांनी बोलायचे. तोंडानं बोलायचेच, पण हात वेगळे चालू. दूध उतू गेलं म्हणताना बोटं वर चढून कडेनं ओघळायची. पाहुणे आले म्हणताना दोन बोटं तळहातावरून चालत यायची. ते फोनवरही तसेच बोलायचे. जोगळेकरांची सुरुवातीला समजूत होती की नाना सांध्यांचा व्यायाम करतात.

तर तारा. बल्बचं प्रकरण मी सभेपुढं ठेवायच्या आधी माझ्या बायकोपुढं ठेवलं. सुलभा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "चोर राहू दे, मला तारा बघायचाय," आणि वर आली.

नानांनी आपला पंजा आकाशाला लावून दाखवला. "ह्यो हात. पाच बोटं. चार चौकोनात आन् एक खाली. आन् ह्यो वरचा, लखलखीत, ह्यो आंगठा."

"म्हणजे हस्त नक्षत्र," सुलभा म्हणाली. "केवढुसं आहे, पण तुमचा अंगठा त्यातला सगळ्यात तेजस्वी. नाना, तो राक्षसी तारा आहे."

"राक्षेस कशापायी म्हंता? गरीब हाय त्यो."

"आकारानं म्हणते मी. आपल्या सूर्यापेक्षा मोठा आणि शेकडो पट तेजाचा. त्याचा उजेड इथं पोचायला दीडशे वर्षं लागतात."

नानांनी बोटांवर मोजलं. "म्हंजी ह्यो उजीड निघाला तवा माज्या आज्याचा बाप मेंढरं राखत आसंल." त्यांची दोन बोटं तळहातावरून चालत गेली. "लय चाललाय बिचारा."

"आणि तो एकटा नाही. त्याच्याजवळ आणखी एक आहे. दोघं इतके जवळ, की दुर्बिणीतूनही वेगळे दिसत नाहीत."

इथं मात्र नाना अडले. "बाई, मी जल्मापास्नं बघतोय. योकच हाय." दोन दिवस ते सुलभाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाले, "दोघं आसतील. पर मंग भांडत न्हाईत?" आणि उत्तर न घेता वर गेले.

शेवटी सभा झाली. जोगळेकर नडगीसह हजर होते. नानांनी फार वाद घातला नाही, एवढंच म्हणाले, "अर्ध्या घंट्याचं काम हाय माजं. एक मानूस वाट बघतंय." कोण माणूस, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, म्हातारा देवाधर्माचं बोलतोय. ठराव मीच लिहिला. होळीपासून पावसाळ्यापर्यंत गच्चीवरचा दिवा आठ ते साडेआठ बंद राहील, जोगळेकरांनी फेऱ्या साडेआठनंतर माराव्यात आणि पाइपला पांढरा रंग द्यावा. नानांनी ठराव वाचून घेतला आणि सांगितलं, "थंडीत त्यो पहाटंला दिसतोय. त्ये बी लिवा." ते लिहिल्यावर अंगठा उठवला. खरा.

वाट बघणारं माणूस कोण, ते मला मे महिन्यात कळलं.

त्या संध्याकाळी आठ वाजून गेले तरी नाना वर आले नव्हते. मी चौकशीला गेलो तर ते जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि हात मांडीवर स्वस्थ पडलेले. नानांचे हात स्वस्थ पडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"म्हाकूला दिसंना झालंय," ते म्हणाले.

म्हाकू हा त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणी तापात त्याचे कान गेले आणि बोलणंही राहिलं. तेव्हापासून दोघांनी मिळून हातांची भाषा बनवली, आणि पन्नास-पंचावन्न वर्षं एका कळपामागं चालत तीच बोलली. नानांचे गुडघे गेले तेव्हा मेंढरं म्हाकू आणि त्याच्या लेकाकडं राहिली आणि नाना सांगलीला आले. निघायच्या दिवशी नानांनी म्हाकूला खुणांनी सांगितलं. चूल पेटली, भाकरी खाल्ली, की तो तारा बघायचा. मीही बघेन.

"पण नाना, पुतण्याकडं फोन असेल की. व्हिडिओवर बोलता येतं."

"क्येलं की. पर म्हाकू माज्याकडं बघतच न्हाई. त्या कोपऱ्यात त्येचं सोताचं बारकं त्वांड दिसतंय न्हवं, त्येच्याकडंच बघत बसतोय. टोपी सारकी करतोय."

चार वर्षं हे असं चाललं होतं. आता पुतण्याचा फोन आला होता की बाबांना मोतीबिंदू झालाय, संध्याकाळी ठेचकाळतात, दवाखान्याला चला म्हटलं तर ऐकत नाहीत. ऑपरेशन म्हणजे डोळा काढून घेतात, असं त्यांना कुणीतरी खुणेनं समजावलं होतं. कान गेलेल्या माणसाचे डोळेही गेले तर त्याच्याशी बोलायचं कशानं, हे नाना मला म्हणाले नाहीत. ते आपल्या हातांकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या गाडीतून आम्ही यमाईच्या औंधला निघालो. म्हाकूचा कळप कोकणातून परतीच्या वाटेवर औंधच्या माळाला उतरला होता. वाटेत नानांनी मला तीन ठिकाणी रस्ता दुरुस्त करून दिला आणि तिन्ही वेळा त्यांचंच बरोबर निघालं. यमाईचा डोंगर दिसल्यावर त्यांनी हात जोडले.

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. नांगरून टाकलेल्या रानात जाळी लावून मेंढरं कोंडली होती. चुलीशी म्हाकूची बायको भाकरी थापत होती. म्हाकू कुत्र्याला तुकडा टाकत होता आणि तुकडा कुत्र्याच्या नाकावर आपटत होता. नाना समोर जाऊन उभे राहिले. म्हाकूला कोणीतरी आलंय एवढंच कळलं. नानांनी त्याचा हात धरून आपल्या फेट्यावर ठेवला. म्हाकूनं फेटा चाचपला, कान चाचपले, मग गुडघा, आणि तोंडातून एक घोगरा आवाज काढला. त्यानंतर बराच वेळ मी मेंढरांकडं बघत होतो.

जेवणं झाली आणि भांडण सुरू झालं. आवाज नाही, पण चुलीच्या उजेडात दोघांचे हात असे चालले होते की कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. पुतण्या मला हळूच सांगत होता. नाना म्हणत होते, सांगलीला चल, डोळा काढत नाहीत, धुऊन देतात. म्हाकू म्हणत होता, मला सगळं दिसतं. नाना म्हणाले, तुला कुत्र्याचं तोंड दिसत नाही. म्हाकू म्हणाला, कुत्र्याचं राहू दे, तुझं ते दिसतं, रोज बघतो.

आणि ते पटवायला तो उठला. तोल सावरत चुलीपासून चार पावलं अंधारात गेला, मान वर करून डोळे बारीक केले, आणि हात लांबवून ठामपणे बोट दाखवलं.

मी बोटाच्या रेषेत पाहिलं. एव्हाना सुलभाच्या संगतीत मलाही एवढं कळायला लागलं होतं. अंगठा उजवीकडं होता. म्हाकूचं बोट डावीकडं, कितीतरी जास्त तेजाच्या एका ताऱ्यावर होतं. ती चित्रा होती.

मी नानांकडं पाहिलं. लहान मुलीच्या शेरड्या ज्यांनी सोडल्या नाहीत ते आता काय करणार, मला कळेना. नाना वर बघत राहिले. मग ते भावाजवळ गेले, त्याचा लांबवलेला हात कोपराशी धरला आणि जोरजोरात मान हलवली. बरोबर. तोच.

म्हाकू विजयी चेहऱ्यानं चुलीशी परतला. जिंकल्यावर माणूस मवाळ होतो. अर्ध्या तासानं त्यानं विचारलं, डोळा खरंच काढत नाहीत ना? आणि कळप गावी पोचला की यायचं कबूल केलं.

परतताना पुसेसावळी गाव मागं पडलं. मग राहवलं नाही.

"नाना, ती चित्रा होती."

"व्हय."

"त्याला आता धूसर दिसतं, म्हणून चुकला असेल."

"न्हाई. बोट सवयीनं तिकडं गेलं. पयल्यापास्नं तिकडंच बघतोय त्यो. मी खूण क्येली आन् त्येला तीच समजली."

"मग सांगितलं का नाही?"

नाना खिडकीतून बाहेर बघत होते. "चार वर्सं रोज बघतोय त्यो. आता काय सांगू, तू बघत हुतास तितं मी न्हवतो?"

म्हाकूचं ऑपरेशन सांगलीत नीट झालं. पट्टी निघाल्यावर तो आठ दिवस भावाकडं राहिला. त्या आठ दिवसांत नाना गच्चीवर फिरकले नाहीत. जोगळेकर काळजीनं माझ्याकडं आले. आठ वाजता दिवा चालू बघून त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. "आजारी तर नाहीत ना?"

आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर गेलो. दार उघडं होतं. हॉलमध्ये सोफा भिंतीला ढकलून दोन्ही म्हातारे जमिनीवर समोरासमोर बसले होते. म्हाकूच्या डोळ्यांवर काळा चष्मा. कोणती मेंढी कुठं व्याली, कोणती लांडग्यानं नेली, हातांनी एकेकीची हकीकत चालली होती. म्हाकूनं एका मेंढ्याची चाल करून दाखवली आणि नाना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आम्हाला पाहून म्हणाले, "बसा. लय सांगायचं ऱ्हायलंय त्येचं." आम्ही बसलो. काही कळलं नाही, पण जोगळेकरही हसत होते.

नवव्या दिवशी सकाळी म्हाकू आटपाडीच्या एस.टी.त बसला. संध्याकाळी आठला नाना गच्चीवर आले, घोंगडं अंथरलं आणि चित्राकडं तोंड करून बसले.

जोगळेकर कठड्याशी उभे होते. इतक्या दिवसांच्या शिकवणीनंतर नानांना दुरुस्त करायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. ते जवळ आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "नाना, चुकताय. तुमचा तारा तो उजवीकडचा."

नानांनी नजर हलवली नाही.

"आसू द्या," ते म्हणाले. "सरका जरा. मदी आलाय तुमी."