बाविसावं कलम आणि सगुणेचं बीळ

बाळांनो, मांडी घालून बसा आणि मधेमधे प्रश्न विचारू नका. एका जंगलात साळिंदरराव नावाचे वकील राहत होते. बांधकामाचे करार लिहावेत तर त्यांनीच. अंगावर लेखण्या उपजतच होत्या. एक उपटायची आणि लिहायला लागायचं.

त्याच जंगलात सगुणा सशीण होती. तिला पिल्लं व्हायची होती, डोक्यावर छप्पर नव्हतं आणि एक मुंगूस तिच्यावर डोळा ठेवून होतं. तिने बीळ खणायचं काम दादू खवलेमांजराला दिलं. दादूच्या नख्यांबद्दल काय विचारता, जमीन नुसती बघूनच भुसभुशीत व्हायची.

दोघं तोंडी बोलून कामाला लागणार, तेवढ्यात साळिंदरराव आडवे आले. एकमेकांवर विश्वास ठेवाल आणि बसाल बोंबलत, असं त्यांनी दोघांनाही कळकळीने समजावलं. मग सागाच्या पानांवर चौसष्ट कलमांचा करार लिहिला. दादूने फसवलं तर काय, याची बत्तीस. सगुणेने फसवलं तर काय, याची बत्तीस. तोवर कुणाच्या मनात फसवायचं आलंच नव्हतं. वाचता वाचता जरा जरा यायला लागलं.

तिसऱ्या दिवशी खाली खडक लागला. दादू सगुणेला सांगायला निघाला, तर वकीलसाहेबांनी त्याला वाटेतच धरलं. कलम बावीस. खडक लागल्यास काम बंद, लेखी नोटीस, चौदा दिवसांत लेखी उत्तर, आणि तोवर उभयतांनी तोंडी एक अक्षर बोलायचं नाही.

दादूची नोटीस साळिंदररावांनी लिहिली. सगुणेचं उत्तरही त्यांनीच लिहिलं. आणि खोटं कशाला सांगू, उत्तर लिहिताना नोटीस लिहिणाऱ्याचा त्यांना मनापासून राग आला.

इकडे सगुणेचे दिवस भरत आले. मुंगूस अर्धवट खड्ड्यात दोनदा डोकावून गेलं. दहाव्या दिवशी तिचा धीर सुटला आणि ती तडक दादूकडे गेली.

"दादूभाऊ, डावीकडची माती मऊ आहे का हो?"

"एकदम मऊ आहे, ताई."

"मग तिकडून वळवा की."

"तेच तर सांगायला निघालो होतो त्या दिवशी."

संध्याकाळपर्यंत बीळ झालं. दुसऱ्या दिवशी आत पाच पिल्लं झाली. मुंगूस दाराशी नाक घासून निघून गेलं.

सगळं जंगल खूश झालं. साळिंदररावांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. इतका देखणा वाद, सिंहमहाराजांच्या दरबारापर्यंत सहज गेला असता, आणि या अडाण्यांनी चार वाक्यांत त्याचा जीव घेतला. पण माणूस, म्हणजे साळिंदर, प्रामाणिक. चूक आपल्याच लिखाणात आहे, हे त्यांनी मान्य केलं. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक करारात पहिलं कलम एकच असतं: दोन्ही पक्षांनी एकमेकांपासून किमान एक कोस लांब राहावं.

तात्पर्य: काम अडलं तर समोरच्याशी कधीही बोलू नये. बोललं की एकाचं घर होतं, आणि एका विद्वानाचा संसार उघड्यावर पडतो.